तव्यावरची पाती

बढाया मारणाऱ्या माणसांपासून मी चार हात लांब राहतो. समोरचा ‘आमच्या वेळी मी…’ असं म्हणून मांडी घालून बसला, की मला हटकून बाजारातलं एखादं काम आठवतं. या नियमाला आयुष्यात एकच अपवाद झाला. हा अपवाद इतका बढाईखोर होता की बाकीच्यांनी त्याच्यापुढे शिकवणीला बसावं. आणि तरी त्या माणसावर माझा जीव जडला, तो आजतागायत.

उखानाना म्हणजे उखा मिस्त्री. धुळ्याच्या एका पांजरपोळाचं पिंपळनेरच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी, गवताचं मोठं कुरण होतं. म्हातारी, भाकड, पाय अधू झालेली गुरं धुळ्याला पांजरपोळात सांभाळली जात, आणि वर्षभर त्यांच्या तोंडात पडायचं ते गवत या कुरणातून गाड्या भरभरून जाई. मी तिथला कारकून. वय विशीच्या पुढे, जळगावच्या शाळेत इंग्रजी शिकलेला, आणि एवढं शिकून आपल्याला गवत राखायला बसवलं म्हणून सगळ्या जगावर रुसलेला. नाना तिथले मिस्त्री. कुरणावर एक मशीन होतं, त्याचे मिस्त्री, वैद्य, आई आणि भाट, सगळं काही ते एकटेच.

हे मशीन गवत कापायचं. विलायतेहून बोटीनं, मग आगगाडीनं नरडाण्याला आणि तिथून बैलगाडीनं इथवर आलेलं, माझ्या आधी पुष्कळ वर्षं. दोन लोखंडी चाकं, वर बसायला लोखंडी बैठक, पुढे बैलजोडी. उजव्या अंगाला जमिनीलगत एक लांब पट्टी आडवी पसरलेली, आणि त्या पट्टीवर शिंगाड्याएवढी तिकोनी पाती ओळीनं रिबिटांनी ठोकलेली. चाकं फिरली की एक लाकडी दांडा त्या पट्टीला मागे-पुढे ढकलायचा, पाती लोखंडी बोटांच्या फटींतून सरसर धावायची आणि गवत आडवं व्हायचं. पात्यांना धार लावणं, तुटलेलं पातं काढून नवं ठोकणं, वाकलेली बोटं सरळ करणं, हे नानांचं काम. कापणीचे दिवस थोडे, दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत. त्याआधी गवत ओलं असतं, गंजीत सडतं. त्यानंतर कुसळं धरतात, ती गुरांच्या जिभेत रुततात. वर्षाची सगळी परीक्षा त्या थोड्या दिवसांत. बाकीचे महिने नाना परीक्षेची तयारी करत, आणि मागच्या परीक्षेत आपण पहिले कसे आलो ते सांगत.

नाना ठेंगणे, रुंद आणि मिशांचे. भट्टीकडची मिशी कायम थोडी करपलेली. पात्याची धार बघायची ती डाव्या हातावरचे केस भादरून, त्यामुळे त्यांचा डावा हात लहान मुलासारखा गुळगुळीत आणि उजवा अस्वलासारखा. नवा माणूस कुरणावर आला की नाना बाह्या वर सारून दोन्ही हात त्याच्यापुढे धरत आणि म्हणत, “देख. हाई मन्हं सर्टिफिकेट.” मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्याही पुढे धरले होते. मी जळगावचा शहाणा, म्हणालो, “वस्तऱ्यानं पण होतं असं.” त्यावर नानांनी तिथल्या तिथे पट्टीतून पातं सोडवलं आणि माझा हात धरला. मी हात सोडवून पळालो, हे खोटं कशाला सांगू?

“इचार,” ते म्हणत, “धुळापाईन सुरतलोंग कोनलेबी इचार. उखा मिस्त्रीनं पातं बिघडनं असं सांगनारा एक मानूस लयी ये, मी मिशी काढी देसू.”

“आणि सापडला एखादा तर?”

“तो खोटा व्हई.”

‘मशीन मोडलं’ असं बोलायची कुरणावर कुणाची टाप नव्हती. एकदा मी बोलून गेलो, तर नानांनी हातातला हातोडा खाली ठेवला. “भाऊ, फुटस ते मडकं, मोडस ते लगीन. यंतर थकस. त्याले आराम देवा, तेल देवा, ते उठस.” तेव्हापासून मीही धुळ्याला लिहायचं झालं तर ‘मशीन थकले आहे’ असंच लिहीत असे. पांजरपोळाचे शेटजी गुजराती वळणाचे, सज्जन, पण हिशेबी गृहस्थ. त्यांनी एकदा मला बोलावून विचारलं की तुमची तब्येत बरी आहे ना.

मग मोठी लढाई सुरू झाली आणि विलायतेहून पाती यायची बंद झाली. माझ्या तोंडचं पाणी पळालं. नाना मात्र घरात लग्न निघाल्यासारखे खूश. आता सगळी पाती त्यांच्या हातची! धुळ्याच्या जिनिंगच्या कारखान्यांतून ते झिजून टाकून दिलेल्या कानशी गोळा करून आणत. कानशीचं पोलाद म्हणे पाण्याचं. ती तापवायची, राखेत निजवायची, छिन्नीनं तिच्यातून तिकोनी पातं तोडायचं, भोकं पाडायची, पुन्हा लालभडक करून पाण्यात बुचकळायची. याला पाणी पाजणं म्हणतात. पाणी प्यालेलं पोलाद काचेसारखं कडक होतं आणि काचेसारखंच तुटतं. गवतात दगड असायचेच. म्हणून पाणी पाजल्यावर ते पातं घासून उजळ करायचं आणि मंद आचेवर पुन्हा हळूहळू तापवायचं, म्हणजे त्याचा माज उतरतो. उतरताना त्याच्यावर रंग चढत जातात. आधी वाळल्या गवताचा, मग मधाचा, मग वांग्याचा. वांगी रंग दिसला की उचलायचं. त्याच्या पुढे निळं झालं की पातं मऊ पडतं.

ही मंद आच नानांना मिळे ती जिजाअक्काच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, भाकरीच्या तव्यावर. दुसरा कुठलाही तवा चालत नसे. पिंपळनेरच्या बाजारातून मी नवा तवा आणून दिला, तो नानांनी वास घेऊन परत केला. पात्यांचा दिवस उजाडला की अक्काच्या चुलीवरून तवा नाहीसा होई आणि सगळ्या कुरणाला त्या दिवशी मुरमुरे आणि शेव. अक्का दारात उभी राहून सगळ्या डोंगराला ऐकू जाईल असं बोलायची.

“लोकेसना तवावर भाकर, मन्हा तवावर लोखंड! आते बठ्ठा मिळीसन हाईच खा!”

नाना ऐकू न आल्यासारखं करत. शेडचं दार ओढून अंधारात तव्यासमोर बसत आणि चिमट्यानं एकेक पातं असं फिरवत, की अक्कानं भाकरीसुद्धा इतकी जपून उलटली नसेल. तेवढा वेळ ते बोलत नसत. त्यांच्या दिवसातला बढाई नसलेला वेळ तेवढाच. मी दाराच्या फटीपाशी बसून रंग बघायला शिकलो ते तिथे. एवढ्या इंग्रजीनंतर मला खरोखर आवडलेली विद्या ती एकच.

नाना चुकत नसत असं नाही. चुकत, आणि चुकले तर सणसणीत चुकत. एका वर्षी त्यांच्या मनात आलं की आपल्या विळ्याला दात असतात, मग या विलायती पात्यांना का नसावेत? “तठला लोके काय गवत खातस का? त्यासले काय मालूम!” असं म्हणून त्यांनी कानस घेतली आणि पट्टीवरच्या यच्चयावत पात्यांना दात पाडले. सकाळी मशीन जुंपलं. गवत कापलं जाण्याऐवजी दातांत अडकायला लागलं, बोटांभोवती त्याचे बुचडे झाले आणि बैल उभे राहिले. नानांनी आधी बैलांना शिव्या घातल्या. मग दवाला. मग म्हणाले, यंदाच्या गवताला अक्कल नाही. शेवटी, माझी सावली पट्टीवर पडते म्हणून मला बांधावर नेऊन बसवलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर सगळी पाती पूर्वीसारखी गुळगुळीत आणि मशीन मजेत चाललेलं.

“नाना, दात कुठे गेले?”

“कसाना दात?” नाना म्हणाले.

एवढ्यावर तो विषय संपला. पुढे त्यांच्या तोंडून मी या गोष्टीचा उल्लेख कधी ऐकला नाही.

नानांची बरोबरी करणारा एकच माणूस त्या मुलखात होता, गेंद्या. मशीन सपाटीवर चाले. उताराचं आणि दगडांतलं गवत मात्र माणसांनाच कापावं लागे, आणि ती माणसं वरच्या पाड्यांवरून येत. गेंद्या त्यांचा पुढारी, काटकुळा, सदा हसरा भिल्ल. नवरात्रात ही माणसं बायकापोरांसह उतरत आणि मोहाच्या झाडांखाली पाल ठोकून राहत. मजुरी ज्वारीची, आणि शिवाय रोज संध्याकाळी घरटी एक भारा गवत आपल्या गुरांसाठी न्यायचा, अशी जुनी रीत. त्यांच्या डोंगरातलं नागली-बाजरीचं पीक जेमतेम पोटाला पुरे. हिवाळा निघायचा तो या ज्वारीवर.

गेंद्याची आणि नानांची ओळख दांड्यावरून झाली. पट्टीला ढकलणारा विलायती लाकडाचा दांडा एकदा ‘थकला’. पिंपळनेरच्या सुतारानं सागाचा करून दिला, तो दुपारपर्यंत तडकला. गेंद्या कापता कापता थांबून हे बघत होता. तो पोट धरून हसला आणि त्यानं धामणीच्या लवचीक लाकडाचं आपलं धनुष्य आणून नानांपुढे धरलं.

“नाना, धामन लाव. हाई देख, कितलं वाकस!”

नानांनी तोंड फिरवलं. माणसानं विळ्यानं गवत कापावं, यंत्रात लुडबुडू नये, असं काहीतरी पुटपुटले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं डोंगर चढताना मला दिसले, आणि येताना नानांच्या खांद्यावर धामणीचं लाकूड होतं. त्या लाकडाचा दांडा पुढे वर्षानुवर्षं टिकला. नाना येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, “मी निवाडेल लाकूड शे.” गेंद्या लांबून ओरडे, “यंतर नानानं, पन हात मन्हा!” मग दोघांची जुंपे आणि अक्काला दोघांना चहा करून द्यावा लागे.

खंडेनवमीला शेडमध्ये हत्यारांची पूजा होई. एका गोणपाटावर मधोमध मशीनची पट्टी, तेल लावून चकचकीत केलेली, आणि तिच्या दोन्ही अंगांना गेंद्याच्या माणसांचे सगळे विळे. त्या विळ्यांना आदल्या दिवशी धार कोण लावी, तर नाना. कुरकुरत लावत, ‘काय हाई रांगडी हत्यारं’ म्हणत लावत, पण एकही विळा तसाच ठेवत नसत. पूजा झाली की गेंद्या आधी पट्टीला हात जोडी, मग नानांना. नानांना हे अर्थातच योग्य वाटे.

मग ते वर्ष आलं. आषाढात बरा पडलेला पाऊस श्रावणात रुसला तो पुन्हा आलाच नाही. कुरणातलं गवत गुडघ्याच्या वर गेलं नाही. डोंगरावर बाजरी कणसात यायच्या आधी वाळली. गेंद्याची माणसं त्या वर्षी अष्टमीच्याही आधी उतरली, आणि पालं ठोकताना नेहमीची गाणी नव्हती.

“आठेच काय मिळी ते, नाना,” गेंद्या म्हणाला. “वर काही नही.”

त्याच दिवशी धुळ्याहून शेटजींचा माणूस निरोप घेऊन आला. यंदा गवत थोडं आहे, तेव्हा सगळंच मशीननं कापावं, उताराचंसुद्धा जमेल तितकं. माणसं लावू नयेत. रोज बाहेर जाणारे भारे वाचतील ते गुरांच्या मुखी लागतील. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शेटजी स्वतः येऊन मशीन बघतील. निरोपात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. शेटजींना गुरं जगवायची होती. मोहाच्या झाडाखाली पोरं बसली होती, त्यांचं काय करायचं हे मात्र निरोपात नव्हतं, आणि ते सांगायचं काम माझ्यावर आलं.

मी सांगितलं. गेंद्यानं ऐकून घेतलं आणि तो नानांकडे वळला.

“नाना, तुनं यंतर आमनं गवत कापी का?”

सगळ्या जगाला उत्तर देणारे नाना वाकून पट्टीवरचं तेल पुसत राहिले. गेंद्यानं पालं मात्र काढली नाहीत. जायचं तरी कुठे? खंडेनवमीला त्यानं विळे आणून गोणपाटावर ठेवले, आणि नानांनी ते आदल्या दिवशी नेहमीसारखे धार लावून दिलेच होते.

नवी पाती अजून व्हायची होती. दसऱ्याला पूजा उठली, तसे नाना भट्टीवर बसले. शेटजी उद्या येणार, म्हणून त्यांनी जवळच्या सगळ्या कानशी त्या दिवशी संपवल्या. एकही मागे ठेवली नाही. दुपारी अक्कानं मला हाक मारली आणि ताटात गरम भाकरी वाढली. ठेच्याबरोबर मी अर्धी संपवली, तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आज पात्यांचा दिवस आहे आणि मी भाकरी खातो आहे.

“अक्का, तवा?”

“काय देव पावना कोन जाने,” अक्का खुशीत म्हणाली. “आज माले इचारं बी नही त्यासनी!”

मी ताट तसंच ठेवून शेडकडे गेलो. दार सताड उघडं. नाना साणेवर बसून पात्यांना धार लावत होते. पाती पांढरीफेक होती. त्यांच्यावर गवताचा रंग नव्हता, मधाचा नव्हता, वांग्याचा तर नव्हताच. पाण्यातून काढून घासली, तशीच्या तशी.

“नाना, रंग?”

नानांनी साण थांबवली नाही. “भाऊ, तू काही देखं नही.”

“पण ही दगडाला लागली की…”

“तुले सांगं ना? काही देखं नही.” मग साण हळू करून म्हणाले, “हाई जर शेटले समजनं, ते पुढला साले तो गेंद्याले झाडखाले बी बठू देवाव नही. म्हनी, मिस्त्री नि कापनारा एकच शेतस. समजना?”

मला समजलं. मी परत जाऊन उरलेली भाकरी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी शेटजी आले. पांढरं धोतर, छत्री, बरोबर दोन विश्वस्त. पलीकडे झाडाखाली गेंद्याची माणसं विळे मांडीवर घेऊन बसलेली. नाना स्वतः मशीनवर बसले आणि बैल हाकले. पाती अशी धावली की मी तशी धाव कधी बघितली नव्हती. माज उतरवलेला नसल्यामुळे पोलाद वस्तऱ्यासारखं होतं. गवत नुसतं झोपत गेलं. शेटजींच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं आणि ते म्हणाले, “वा मिस्त्री, असं काम यांच्या हातून कधी व्हायचं?” यांच्या म्हणजे झाडाखालच्यांच्या. सपाटीवरचं शेवटचं वळण आलं. इथून परत फिरले असते तर नानांचं नाव धुळ्यात गाजलं असतं. मला क्षणभर वाटलं, फिरतात. एवढी शाबासकी बाजूला सारून उलटं जायला माणूस फार मोठा लागतो, आणि नानांना तर शाबासकीची भूक जन्माची.

नानांनी बैल उताराकडे वळवले.

पहिला दगड आला आणि खळ्ळकन आवाज झाला. मग दुसरा. मग एकामागून एक, बांगड्या पिचाव्यात तशी पाती पिचत गेली. बैल थांबले. नाना उतरले, वाकून त्यांनी तुकडे गोळा केले आणि ते ओंजळीत घेऊन शेटजींपुढे येऊन उभे राहिले.

“मोडनं, शेटजी.”

तो शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

“मोडलं? म्हणजे काय मिस्त्री?”

“पानी चुकनं. मन्हाच हातनं चुकनं. बठ्ठी पाती कच्ची र्‍हायनी.”

“मग दुसरी करा.”

“कानशी सरी गयात. पोलाद नही.”

शेटजी बराच वेळ छत्रीच्या टोकानं माती उकरत राहिले. लढाईच्या दिवसांत पोलाद मिळवायचं म्हणजे महिना जाणार, आणि गवत महिना थांबणार नव्हतं. शेवटी ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “लावा माणसं.”

झाडाखाली एकच ओरड झाली. बायका हसल्या, पोरं उड्या मारायला लागली. त्यांना बिचाऱ्यांना एवढंच कळलं होतं की ज्यानं त्यांचं गवत खायला घेतलं होतं ते यंत्र मेलं. गेंद्या मशीनभोवती एक फेरी मारून आला आणि सगळ्यांदेखत नानांना म्हणाला, “नाना, तुनी पाती मोडनी, पन मन्हा दांडा साबूत शे!”

लोक खदखदून हसले. शेटजींबरोबरचे विश्वस्तही हसले. नाना गेंद्याकडे बघून म्हणाले, “हां रे. तुना दांडा खरा.” आणि ते शेडमध्ये निघून गेले. मला त्या क्षणी गेंद्याच्या मुस्कटात द्यावीशी वाटली, आणि लगेच वाटलं की हेच तर नानांना हवं होतं.

गवत दिवाळीच्या आत गंजीला लागलं. दगडांतलं गवत विळ्यानं बुडाशी कापलं गेलं, ते मशीननं जाग्यावरच राहिलं असतं. भारे गेले ते थोडेफार त्यातून भरून निघाले. पूर्ण निघाले का? नसतील. पांजरपोळातल्या गुरांना त्या उन्हाळ्यात अर्ध्या पेंढीवर राहावं लागलं, आणि नाना बरोबर होते की चूक, याचा निवाडा करायला मला कुणी बसवलं नाही हे माझं भाग्य. गेंद्याची माणसं ज्वारी डोक्यावर घेऊन डोंगर चढताना मी बघितली. मला तेवढं पुरलं.

दिवाळीनंतर शेटजींनी धुळ्याहून दुसरा मिस्त्री पाठवला, चांगला तरुण पोरगा होता. नानांना उपरणं देऊन मानानं निरोप दिला. शेटजी वाईट नव्हते. पण ज्याच्या हातून अख्खी पट्टी जाते त्याला ठेवायचं कसं? ते निघायच्या दिवशी मी नानांना म्हटलं, “मी धुळ्याला जाऊन खरं सांगतो.” नाना गाडीत भांडी चढवत होते. म्हणाले, “सांग. मंग गेंद्याले बी तूच सांग.” अक्का तवा मांडीवर घेऊन गाडीत बसली होती आणि रडत होती. इतकी वर्षं राहिलेलं घर एका दिवसात सोडताना माणूस रडणारच. तिला त्यांनी सांगितलं होतं की नव्हतं, मला माहीत नाही. गाडी नरडाण्याकडे गेली. त्यांचं गाव तिथून जवळ होतं.

त्या वर्षापासून शेटजींनी एक म्हण केली, ‘मशीनवर सगळा भरवसा ठेवू नये.’ विश्वस्तांच्या बैठकीत ते ती वारंवार म्हणत. नवा मिस्त्री चांगला होता, मशीन चालू झालं, पण माणसं दर वर्षी लागत गेली, पाऊस असो वा नसो. आणि जिथे जिथे ही म्हण गेली तिथे तिथे उखा मिस्त्रीची गोष्ट गेली. साक्रीच्या बाजारात कुणी काम बिघडवलं की लोक म्हणायला लागले, ‘हा काय उखा मिस्त्री शे का?’

लढाई संपल्यानंतर मी कुरण सोडून जळगावला परत निघालो होतो. नरडाण्याला गाडीला उशीर होता, म्हणून स्टेशनाबाहेर आलो. कडुनिंबाखाली एक म्हातारा साण मांडून विळे, कोयते धार लावत बसला होता. नाना होते. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या आणि दोन्ही सारख्या. भट्टी सुटली होती ना. मला बघून त्यांचा चेहरा फुलला, पण एक गाडीवान विळ्यासाठी समोर बसला होता, म्हणून त्यांनी मला हातानं बाजूला बसायची खूण केली.

गाडीवान पिंपळनेरकडचा होता आणि बोलका होता. कुणाला काही विचारायची गरज नव्हती.

“आमना तिकडे एक उखा मिस्त्री व्हता, बाबा. पांजरपोळनं विलायती यंतर व्हतं. त्यानी एक दिनमा बठ्ठी पाती खाई टाकी!”

“भलता कच्चा मिस्त्री व्हई,” नाना म्हणाले. साण फिरत होती.

“कच्चा? त्याना हातमा काही नव्हतंच!”

“नव्हतंच व्हई.” थोडं थांबून नानांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, “मंग आते तठे गवत कोन कापस?”

“डोंगरवाला येतस ना. दर साल येतस. शेट म्हनस, मानसं पाहिजेतच.”

नानांनी साण थांबवली आणि विळ्याचं पातं उपरण्यानं पुसलं, हवं त्याहून जास्त वेळ पुसलं. गाडीवानानं विळा हातात घेऊन अंगठ्यानं धार बघितली आणि तो चमकला.

“बाबा, काय धार शे! तुम्ही पाहिजे व्हतात तठे. यंतर जगतं.”

मी तोंड उघडलं. नानांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि मी ते मिटलं.

“मी?” नाना गाडीवानाला म्हणाले. “नही रे भाऊ. मी यंतर कधी देखं बी नही.”

गाडीवान विळा घेऊन गेला. तेवढ्यात स्टेशनावर घंटा झाली. नानांनी पुढचा कोयता उचलला, साण फिरवायला घेतली आणि म्हणाले, “गाडी उनी, भाऊ. जाय आते.”